अबू बसीर कोणता, आणि काउंटरवरचा तो हिरवा फॉर्म

आधीच सांगतो, हे रागातून लिहितोय. डिझर्टेशन जमा करून चार महिने झाले, मार्क पण आले, बरे आले, तरी त्या लायब्ररीचा हिरवा फॉर्म आठवला की अजून डोकं फिरतं. शिया हदीस (पैगंबर आणि इमामांची तोंडोतोंडी आलेली वचनं), रिजाल (ती सांगणाऱ्या माणसांची छाननी) वगैरे विषयावर कुणी मुंबईत बसून काम करणार असेल तर त्याला उपयोग होईल, आणि माझं पण जरा मन मोकळं होईल.

विषय होता शियांचे सहावे इमाम जाफर सादिक यांच्याकडून हदीस ऐकून पुढे सांगणारे कूफ्याचे लोक. मी शिया नाही, मुसलमान पण नाही, डोंबिवलीत राहणारा, दिवसा नोकरी करणारा आणि चाळिशीच्या तोंडावर इतिहासात एम.ए. करायची हुक्की आलेला माणूस. अरबी शनिवार-रविवारच्या क्लासला शिकलो होतो, विषय माझ्या गाईड मॅडमनी एका भेटीत मंजूर केला, पुस्तकांच्या पीडीएफ मिळाल्या, हे सगळं सुरळीत झालं म्हणून त्याबद्दल काही लिहीत नाही.

इमाम राहायचे मदिनेत. हिजरी १४८ म्हणजे ७६५ साली तिथेच वारले, बकीच्या कब्रस्तानात वडलांशेजारी दफन. पण त्यांच्या नावाने हदीस सांगणारे जास्त करून कूफ्याचे, म्हणजे आजच्या इराकमधले, मधे हजार किलोमीटरच्या वर वाळवंट. हजला जायचं, त्या निमित्ताने इमामांना गाठायचं, प्रश्न विचारायचे, कुणी तिथेच काही वर्षं राहायचं आणि मग परत येऊन कूफ्याच्या मशिदीत सांगत बसायचं. जुने शिया विद्वान शेख मुफीद लिहितात की त्यांच्याकडून रिवायत करणारे चार हजार लोक होते. तूसी नावाच्या दुसऱ्या जुन्या विद्वानांच्या यादीत तीन हजारांच्या वर नावं आहेत आणि त्यातल्या बहुतेकांपुढे काय, तर नाव, बापाचं नाव, कूफ्याचा, संपलं. वश्शा नावाच्या रावीचं (रावी म्हणजे हदीस ऐकून पुढे सांगणारा) एक वाक्य नजाशी या जुन्या लेखकाने आपल्या पुस्तकात दिलंय, की या मशिदीत मी नऊशे शेख बघितले, जो तो म्हणतोय 'मला जाफर बिन मुहम्मदनी सांगितलं'. हे मी लोकलमध्ये उभ्याने वाचलं आणि इतका खूश झालो की त्याच भरात मॅडमना मेल टाकला, सगळ्या मोठ्या शिष्यांचं टेबल करतो म्हणून. मूर्खपणा. असलं काही लिहून देऊ नका, एक माणूस घ्या फक्त.

पण तो एक माणूस अबू बसीर नको, एवढं माझं ऐका.

बाकीचे मोठे लोक सोपे जातात हो. ज़ुरारा बिन अअयन घ्या, अख्खं घराणंच रावींचं, आजोबा म्हणे रोमी मुलखातले ख्रिस्ती साधू. त्याच्याबद्दल इमामांची स्तुती पण आहे आणि शिव्या पण आहेत, पण त्याचा खुलासा पण तिथेच मिळतो, की इमामांनी त्याच्या मुलाबरोबर निरोप पाठवला, मी तुझ्या बापाला नावं ठेवतो ती त्याला वाचवायला, कुराणातल्या गोष्टीत खिज्रने नावेला भोक पाडलं होतं ना राजाने ती जप्त करू नये म्हणून, तसं. मुहम्मद बिन मुस्लिम तर मला फारच आवडला. इमामांचे वडील मुहम्मद बाकिर त्याला म्हणाले नम्र हो, तर हा पठ्ठ्या कूफ्याला जाऊन मशिदीच्या दारात खजुराची टोपली घेऊन विकायला बसला. भावकी चिडली, आमची लाज काढलीस, धंदाच करायचा तर दळणाचा तरी कर, तर यानं जातं आणि उंट आणला आणि दळत बसला. या दोघांचे रकाने माझ्या एक्सेलमध्ये एका आठवड्यात भरले.

आता अबू बसीर. हे नाव नाही, कुनिया आहे, 'अमक्याचा बाप' टाइप. बसीर म्हणजे डोळस, आणि नाव कुणाला तर आंधळ्याला. आपण प्रज्ञाचक्षू म्हणतो त्यातलाच प्रकार. 'अल-काफी' या शिया हदीसांच्या मोठ्या ग्रंथात पानोपानी येतो, अमक्याकडून, तमक्याकडून, अबू बसीरकडून, तो म्हणाला मी अबू अब्दुल्लाहना (म्हणजे इमाम सादिकना) विचारलं. छान. पण कोणता अबू बसीर? कारण त्या काळात, त्याच गावात, त्याच इमामांचे शिष्य असे किमान दोन नामांकित अबू बसीर आहेत. एक लैस बिन बख्तरी मुरादी. दुसरा यहया बिन अबिल कासिम असदी, हा नक्की आंधळा, हिजरी १५० मध्ये गेला. लैस पण आंधळा होता का यावर परत वाद. आणि हदीस सांगणारे सज्जन नुसतं 'अबू बसीर' म्हणून मोकळे होतात, त्यांना माहीतच होतं ना कोण ते. आपल्या घरी 'अण्णांनी सांगितलंय' म्हटलं की सगळ्यांना कळतं कुठले अण्णा, पण बाराशे वर्षांनी डोंबिवलीत बसून कळत नाही.

मला वाटलं जुन्या लोकांना तरी खात्री असेल. कश्शी नावाच्या जुन्या लेखकाच्या रावींवरच्या पुस्तकात सहा जणांची यादी आहे, ज्यांच्या खरेपणावर सगळ्यांचं एकमत, ज़ुरारा, बुरैद, मुहम्मद बिन मुस्लिम वगैरे, त्यात अबू बसीर असदी आहे. लगेच पुढे, काही जण असदीच्या जागी मुरादी म्हणतात. एकमताच्या यादीतच दोन मतं! मी पेन्सिल टेबलावर आपटली अक्षरशः.

त्याच पुस्तकात एक किस्सा आहे. अबू बसीर इमामांच्या दारात बसलाय, आत जायची परवानगी मागतोय, मिळत नाही. वैतागून म्हणतो, आपल्या हातात एखादं तबक असतं तर सोडलं असतं आत. पुढे एक कुत्रा येऊन त्याच्या तोंडासमोर तंगडी वर करतो, आणि हा शेजारच्याला विचारतो, हे काय झालं? आता किस्सा टाकलाय लैसच्या प्रकरणात, पण ज्याला समोरचा कुत्रा दिसत नाही तो आंधळा यहया असणार, असं म्हणणारे आहेतच. श्रद्धावान लोक हा किस्सा खराच धरत नाहीत, तो भाग वेगळा. मला मात्र तो दारात बसलेला माणूस जवळचा वाटला, कारण तेव्हाच माझं काउंटर प्रकरण सुरू झालं होतं.

झालं असं की मॅडम म्हणाल्या, कश्शी आणि नजाशी दोन्ही मुंबईला छापलेत, हिजरी १३१७ मध्ये, आणि तू मुंबईत राहून ती छापील प्रत बघितली नाहीस? खरंय ते. १८९९-१९०० चा सुमार, शहरात प्लेग, लोक गाव सोडून पळतायत, आणि इथे कुणीतरी शिळाप्रेसवर कूफ्याच्या रावींची पुस्तकं छापतंय. मला एकदम अभिमान वगैरे वाटला. दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या लायब्ररीत कश्शीची ती प्रत आहे असं कळलं. नाव घेत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना कळलं असेल.

पहिली खेप. हाफ डे टाकून गेलो. हिरवा फॉर्म, त्यात लेखकाचं पूर्ण नाव, पुस्तकाचं नाव, कॉल नंबर. मी लिहिलं कश्शी, रिजाल. काउंटरवरच्या साहेबांनी कार्ड बघितली, कॉम्प्युटर बघितला, "या नावाचं काही नाही." अर्धा तास वाद. घरी येताना ट्रेनमध्ये डोक्यात प्रकाश पडला की कश्शीचं मूळ पुस्तक उरलेलंच नाही, आपल्याकडे आहे ते तूसींनी हिजरी ४५६ मध्ये नजफला त्यातून निवडून सांगितलेलं, त्याचं नाव 'इख्तियार मअरिफतुर रिजाल'. म्हणजे कार्ड तूसींच्या नावाने असणार, म्हणजे मुहम्मद बिन हसन. (ही टिप मोठ्या अक्षरात लिहून घ्या. जुन्या अरबी पुस्तकांना तीन तीन नावं असतात, सगळी लिहून न्या.)

दुसरी खेप. कार्ड सापडलं, तूसींच्या नावानेच. मी जिंकल्यासारखा फॉर्म सरकवला. तर म्हणे दुर्मिळ विभागासाठी संस्थेचं पत्र लागतं. ते पहिल्यांदाच सांगता आलं नसतं का? नाही.

तिसरी खेप, पत्र घेऊन. पत्रावर माझं आडनाव आधी आणि वडलांच्या नावाचं नुसतं इनिशियल. आधारवर आडनाव शेवटी आणि वडलांचं नाव पूर्ण. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्मा वर केला आणि विचारलं, "हे दोघं एकच कशावरून?"

मी काय बोलणार. सहा महिने मी हाच प्रश्न दुसऱ्या कुणाबद्दल तरी विचारत होतो. तेव्हा मात्र हसू आलं नाही, मी आवाज चढवला, त्यांनी फॉर्म परत दिला, मी "पुस्तक तुमच्या घरचं आहे का" असलं काहीतरी बोललो, जे बोलायला नको होतं, कारण त्यानंतर चौथ्या खेपेला कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर निघाले. खरंच रजेवर होते की कसं, देव जाणे. काउंटरवर भांडू नका. चहा पाजा, गावचं विचारा, पण भांडू नका. माझ्या चार हाफ डे त्यात गेल्या आणि ऑफिसात बॉस विचारायला लागला की घरी सगळं ठीक ना.

मधल्या काळात डोंगरीला एका मौलानांकडे जाऊन बसलो. इराणी मशिदीच्या त्या निळ्या फरशांजवळून रोज गेलो असेन कॉलेजच्या दिवसांत, आत काय शिकतात हे कधी डोक्यात आलं नव्हतं. मौलाना वयस्कर, चहा मागवला, माझं एक्सेल मोबाईलवर झूम करून बघितलं, आणि म्हणाले, "बेटा, नाम मत देखो, शागिर्द देखो." म्हणजे अबू बसीरच्या अलीकडे साखळीत कोण आहे ते बघ. अली बिन अबी हमज़ा बताइनी असेल तर यहया, कारण तो यहयाचा हात धरून नेणारा वाटाड्याच होता. शुऐब अकरकूफी असेल तर यहया, हा त्याचा भाचा. अबू जमीला म्हणजे मुफज़्ज़ल बिन सालिह असेल तर लैस. इब्न मुस्कान असेल तर बरेच जण लैस धरतात, पण तिथे जपून.

घरी येऊन रात्री दीडपर्यंत बसलो आणि दोनशेच्या वर साखळ्यांमधल्या निम्म्याहून जास्त सुटल्या. बायकोला उठवून सांगितलं. तिने विचारलं बताइनी कोण, आणि तिथे परत गंमत, कारण ज्याच्यावर ही सगळी ओळख टेकलीये तो माणूस स्वतःच बदनाम. इमाम सादिकांचे चिरंजीव मूसा काज़िम हिजरी १८३ मध्ये बगदादच्या कैदेत गेले तेव्हा त्यांच्या नावाचे तीस हजार दीनार या बताइनीकडे होते म्हणे, आणि ते पुढच्या इमामांना द्यायला लागू नयेत म्हणून त्याने मूसा वारलेच नाहीत अशी भूमिका घेतली. आंधळ्या गुरूचा हात अशा माणसाच्या हातात. बायको म्हणाली, "आमच्या सोसायटीचा जुना खजिनदार," आणि झोपली.

पाचव्या खेपेला पुस्तक मिळालं. पान वळवताना भीती वाटावी असा कागद, दाट हस्ताक्षर, आणि मी वहीत उतरवलेले नोंदींचे नंबर इथे कुचकामाचे, कारण १ ते ११५१ हे नंबर इराणातल्या मशहदच्या नंतरच्या आवृत्तीचे. तासभर नुसता अबू बसीर शोधण्यात गेला. सापडला. तीच यादी, तोच 'काही जण म्हणतात'. नजाशीने कश्शीबद्दल लिहून ठेवलंय की माणूस विद्वान पण पुस्तकात चुका फार, आणि मुंबईकरांनी दोघांनाही एकाच साली छापून टाकलं. मला त्या प्रतीतून नवीन काही मिळालं नाही, खरं सांगायचं तर. पण मुखपृष्ठाजवळचं 'बंबई' हे नाव मी बराच वेळ बघत बसलो. पेन नेऊ देत नाहीत हां, पेन्सिल न्या, आणि स्वेटर, एसी मरणाचा असतो.

खरा दणका शेवटी बसला. विसाव्या शतकातले मोठे शिया विद्वान आयतुल्लाह खोई यांचं रावींवरचं चोवीस खंडांचं पुस्तक मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, म्हटलं आधी स्वतः करून बघू. त्यात त्यांचं म्हणणं असं, की नुसतं अबू बसीर म्हटलं तर तो यहया, आणि समजा शंका राहिलीच तरी ती यहया की लैस एवढीच, दोघंही सिका म्हणजे भरवशाचे, त्यामुळे फरक काही पडत नाही.

फरक पडत नाही! मी मॅडमना फोन केला, म्हटलं सहा महिने मी काय केलं मग. त्या म्हणाल्या, फिकहवाल्यांना, म्हणजे धर्माचे नियम काढणाऱ्यांना, फरक पडत नाही, त्यांना हदीस चालते की नाही एवढंच हवं, तुला माणूस हवाय ना, तुला पडतो. बरं वाटलं. पण हे त्यांनी आधी सांगितलं असतं तर जास्त बरं वाटलं असतं.

व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी अबू बसीरबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. वीस मिनिटं ज़ुरारा.

सगळ्यात आधी सांगायला हवं होतं ते राहिलंच, टेबल करताना 'अबू बसीर' या एका नावाखाली सगळं टाकू नका, पहिल्या दिवसापासून शेजारी शागिर्दाचा वेगळा रकाना ठेवा, नाहीतर माझ्यासारखं सगळं परत भरावं लागेल. शीट कुणाला हवी असेल तर देतो. त्यात ३१ ओळी अजून पिवळ्या आहेत, त्या कुणाच्या ते मला सुटलं नाही.