झाकरीला जाताय? आधी गाळाची चौकशी करा

वरूड तालुक्यात बोअरच्या मोटारी दुरुस्त करणारा मी आणि संत्रावाले दोघं, त्यातले एक काका, असे तिघे जुलैत हिमाचलला गेलो. पाहायचं होतं सतलजवरचं नाथपा झाकरी वीजघर: १५०० मेगावॉट, २५० चे सहा संच, सगळे डोंगराच्या पोटात. पेरणी उरकलेली आणि नदी भरलेली, म्हणून जुलै धरला. तिथंच फसलो.

नागपूर, दिल्ली, कालका, मग छोट्या रेल्वेगाडीनं सिमला. पुढं रामपूरची बस पहाटेच पकडा. १३० किलोमीटरच अंतर, पण आम्ही नारकंड्यापुढं दरडीत अडकलो आणि दिवस गेला. नारकंड्यात घातलेलं स्वेटर रामपूर येईस्तोवर पिशवीत जातं, खाली चांगलंच उकडतं.

रामपूरच्या पुढं झाकरीत कळलं, संच बंद. "एवढं पानी हाये, मंग बंद काऊन?" काका माझ्यावरच डाफरले, जशी बटन मीच दाबली.

टपरीवर एका निवृत्त ऑपरेटरनं उलगडा केला. इथं मोठा साठा नाही. नदी येईल तसं पाणी २७ किलोमीटरच्या बोगद्यातून नेऊन सव्वाचारशे मीटर खाली टर्बाइनवर सोडायचं. बोगद्याआधी जमिनीखाली ५२५ मीटर लांबीच्या चार टाक्या आहेत. तिथं पाणी संथ होतं, ०.२ मिलिमीटरहून जाड रेती तळाशी बसते आणि धुऊन परत नदीत जाते. बारीक मात्र निसटतेच, आणि तिच्यात गारगोटीचे कण. लिटरमागं ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा चमचाभर गाळ झाला की संच थांबवतात. चमचा ऐकून काका हसले. पण सहाही संचांना सेकंदाला ४०० घनमीटर पाणी लागतं. हिशेब केला तर सेकंदाला दोन टन गाळ! रेतीनं खाल्लेले इंपेलर, म्हणजे पंपातली पाणी ढकलणारी चाकं, मी रोज हाताळतो, मला पुढचं सांगावं लागलं नाही.

आत जायला लेखी परवानगी लागते. आमचं पत्रच उशिरा गेलं होतं, तुम्ही महिना-दोन महिने आधी टाका. आंबिया बहाराच्या संत्र्यांचा तोडा आटोपून हिवाळ्यात गेलात तर पाणी नितळ असतं; नदी आटलेली असते, म्हणून दुरुस्त्याही तेव्हाच काढतात. मला तर उघडलेला संचच पाहायचाय. नोव्हेंबरात रामपूरला लवीचा मेळा भरतो, खोली आधी ठरवा.

आणि नदीपात्रात उतरू नका. वर धरणाचे दरवाजे उघडले की पाणी एकदम चढतं. काका बाटली भरायला निघालेच होते, रस्त्यावरच्या पोलिसानं शिट्टी मारून वर बोलावलं.