घुमटावर थाप मारणारा हात : चतुर्थीच्या देखाव्याची प्रगती, १४ ऑगस्ट २०२५

चतुर्थीला तेरा दिवस उरलेत. देखाव्यातल्या यांत्रिक वादकाचा उजवा हात घुमटावर, म्हणजे आमच्या मातीच्या तालवाद्यावर, वाजू लागला आहे. वाजू लागला असं लिहिताना मला फार आनंद होतोय, कारण जूनपासून आमच्या पडवीत नुसतेच 'ठक ठक' आवाज येत होते.

मागची नोंद न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. मी माशेलचा. आमच्याकडे आणि कुंभारजुव्याला चतुर्थीत चलचित्र देखावे असतात, ते पाहायला गोवाभरातून माणसं येतात. लहानपणी मी राक्षसाच्या मूर्तीपेक्षा तिच्या मागच्या पडद्याआडच जास्त वेळ घालवायचो. गाडीची वायपर मोटर, सायकलची चेन, लोखंडी पट्टीचा क्रँक, आणि एवढ्यावर दहा फुटी आकृती मान डोलावते. या वर्षी घरच्या गणपतीसमोर घुमट आरती करणाऱ्या माणसाची आकृती ठेवायची ठरवली. अट एकच होती : आवाज स्पीकरमधून येणार नाही. आकृती खरं घुमट खरोखर वाजवेल.

घुमट डिचोलीच्या बाजारातून आणलं. मातीचं मडकं, मोठ्या तोंडावर बकऱ्याचं कातडं, मागचं लहान तोंड उघडं. पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे. वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, त्यामुळे आता बकऱ्याचंच. घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून २०१९ साली मान्यता मिळाली. उजव्या हाताने कातड्यावर थाप पडते, आणि डावा तळवा मागच्या तोंडावर झाक-उघड करत आवाज खोल किंवा मोकळा करतो. म्हणजे मला दोन अगदी वेगळ्या स्वभावाचे हात बनवायचे आहेत. ही नोंद उजव्याची.

वायपर मोटर का सोडली

पहिला हात परंपरेप्रमाणेच केला. भंगारातली वायपर मोटर, क्रँक, दांडा. चिखलकाल्याच्या दिवशी, ७ जुलैला, देवळाकडून चिखलाने माखून आलेल्या पोरांसमोर तो चालू केला. हात वर-खाली छान झाला, पण घुमटातून निघाला तो खोक्यावर मुठ आपटल्यासारखा आवाज. शेजारचे तात्या पन्नास वर्षं घुमट वाजवतात. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "अरे, तुझा हात कातड्यावर बसून राहतो. घुमट बोलणार कसं?"

त्यांनी माझा पंजा धरून कातड्यावर आपटला आणि लगेच झटकला. बोटं कातड्याला लागतात न लागतात तोच कातडंच त्यांना वर फेकतं. हात तेव्हा सैल असतो. वाजवणारा हात उचलत नाही, उसळू देतो.

रात्री कागदावर बसलो तेव्हा दोष कुठे आहे ते दिसलं. वायपर मोटरमध्ये वर्म गिअर असतो. मोटर फिरवली की चाक फिरतं, पण चाकाला ढकलून मोटर फिरत नाही. वायपर जागच्या जागी राहायला हवा, म्हणून गाडीत हा गुणच आहे. घुमटावर मात्र तोच गळा दाबतो, कारण कातड्याने कितीही वर ढकललं तरी हात हलत नाही. वेग, जोर, क्रँकची लांबी, काहीही बदललं तरी हे सुटणारं नव्हतं. मला उलटा फिरू शकणारा गिअर हवा होता.

गिअरची निवड, आणि इथे जरा थांबतो

आपल्या हौशी मंडळींपैकी बरेच जण सध्या सायक्लॉइडल गिअरबॉक्स (लाटांसारख्या कडेची चकती डोलत फिरवून वेग घटवणारा) छापताय, फोटो बघतो आणि हेवा वाटतो. लोरेंट्स ब्रारेन या जर्मन अभियंत्याची शंभरेक वर्षांपूर्वीची ती कल्पना घरच्या थ्रीडी प्रिंटरमुळे आपल्या टेबलावर आली. हार्मोनिक ड्राइव्हचंही तसंच. वॉल्टन मसरने १९५० च्या दशकात शोधलेला हा गिअर, १९७१ मध्ये अपोलो १५ ची गाडी चंद्रावर चालली तेव्हा तिच्या प्रत्येक चाकात होता, ८० ला १ या प्रमाणात. पातळ लवचिक कपासारखं चाक लंबगोल दाबत फिरवायचं, दोन दातांचा फरक ठेवायचा, की बॅकलॅश, म्हणजे दातांमधली ढिलाई, जवळपास नाही. रोबोटच्या कोपराला याहून सुंदर काही नाही.

पण माझ्या हाताला ते चालत नाही, आणि कारण दात तुटण्याचं नाही. सायक्लॉइडल तर धक्के उत्तम सोसतो. कारण आहे रोटरचं, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाचं, वजन. गिअरने वेग जितका घटतो, त्याच्या वर्गाइतका मोटरच्या रोटरचा जडपणा बाहेरच्या टोकाला जाणवतो. ५० ला १ गिअर म्हणजे २,५०० पट. ६ ला १ म्हणजे फक्त ३६ पट. माझ्या हिशेबाने ५० ला १ लावला तर कातड्याला जो हात वर फेकायचा आहे, त्याच्या मागे त्याच हाताच्या पंचवीस-तीस पट जड काहीतरी बांधल्यासारखं होतं. ६ ला १ मध्ये हे ओझं हाताच्या निम्म्याहून कमी.

हा विचार माझा नाही. एमआयटीच्या मिनी चीता या नऊ किलोच्या चार पायांच्या रोबोटमध्ये तो आहे. चपटी, रुंद ब्रशलेस मोटर आणि एकाच टप्प्याचा ६ ला १ प्लॅनेटरी गिअर (मधल्या चाकाभोवती 'ग्रह' चाकं, त्यांच्याबाहेर आतून दाते असलेली रिंग). पाय जमिनीवर आपटला की धक्का गिअरमधून मागे मोटरपर्यंत जातो, आणि मोटर तो करंटवरून ओळखते. वेगळा फोर्स सेन्सर लागत नाही. २०१९ मध्ये त्या रोबोटने मागे कोलांटी मारलेली सगळ्यांनी पाहिली. मला त्यातलं उतरणं जास्त आवडलं. चार पाय जमिनीला लागतात आणि मऊ होतात. तात्यांचा पंजा नेमकं हेच करतो.

गेल्या वीस वर्षांत यंत्ररचनेत हौशी माणसाच्या हाती जे काही आलं, त्यात मला ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते. जोर गिअरने वाढवण्याऐवजी मोटरच रुंद घ्यायची, आणि ताठरपणा लोखंडाऐवजी प्रोग्रॅममध्ये ठेवायचा. ड्रोनमुळे अशा मोटरी स्वस्त झाल्या म्हणून हे शक्य झालं.

६ ला १ चा हिशेब

मधलं चाक १२ दात, तीन ग्रह २४ दातांचे, बाहेरची रिंग ६० दात. रिंग भागिले मधलं चाक अधिक एक, म्हणजे सहा. मॉड्यूल (व्यास मिमीमध्ये भागिले दात) १ घेतलं, त्यामुळे रिंग पिच व्यासाने ६० मिमी, तळहातात मावते.

इथे एक सूचना. १२ दातांच्या चाकाला नेहमीचा २० अंशांचा प्रेशर अँगल (दाताच्या बाजूचा तिरपेपणा) ठेवला तर दाताचं मूळ कोरलं जातं. २० अंशांना अंडरकट टाळायला किमान १७-१८ दात लागतात. मी २५ अंश घेतले, तिथे १२ चालतात. पण मग सगळी चाकं २५ अंशांचीच हवीत. माझा पहिला ग्रह जुन्या फाइलमधून २० अंशांचाच छापला गेला होता आणि दोन संध्याकाळी मी ग्रीसला दोष देत होतो.

मधलं चाक प्लास्टिकचं टिकलं नाही. एवढ्याशा चाकावर सगळा ताण येतो. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये ते स्टीलमध्ये वायर कट (विजेच्या ठिणग्या सोडणाऱ्या तारेने कापणं) करून घेतलं. वायर कटला कटरचा साचा लागत नाही, म्हणून २५ अंशांचा दातही सहज निघतो. फक्त दात सरळ हवेत, तिरके नाही. त्यापायी हेरिंगबोनचा, म्हणजे बाणाच्या टोकासारख्या दातांचा, मोह सोडावा लागला.

ग्रह आणि रिंग आधी नायलॉनमध्ये छापले. छापल्या दिवशी लोण्यासारखे फिरले. तिसऱ्या दिवशी अडकले. आमच्या पडवीत जुलैत आर्द्रतामापकाचा काटा नव्वदच्या खाली येत नाही, आणि नायलॉन हवेतलं पाणी पितं आणि फुगतं. कॅलिपर लावला तर ग्रह नेहमीच्या मापापेक्षा ०.२ मिमीने मोठे. कोरड्या प्रदेशातल्या हौशी लोकांचा सल्ला कोकणच्या पावसाळ्यात जसाच्या तसा घेऊ नका. आता चाकं पीईटीजी या प्लास्टिकची आहेत. तारेचं रीळ छापण्याआधी ६५ अंशांवर सहा तास वाळवतो आणि सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो.

मनगट

यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि मला ते सर्वांत आवडतं.

पहिल्या मनगटात दोन बेअरिंग, पिन, स्प्रिंग, स्क्रू धरून नऊ भाग होते आणि प्रत्येक थापेला त्यातला एखादा खुळखुळायचा. खुळखुळ घुमटाच्या आवाजात मिसळली की ताल बिघडल्यासारखा वाटतो. आता मनगट एकच तुकडा आहे. एकमेकींना फुलीसारख्या छेदणाऱ्या दोन पातळ पट्ट्या, आणि वाकणं हीच त्यांची बिजागरी. घासणारं काही नाही, म्हणून ग्रीस नाही आणि ढिलाईही नाही.

पट्टी ०.८ मिमी जाड, २० मिमी लांब. २० अंश वाकवली तर बाहेरच्या कडेला साधारण ०.७ टक्के ताण येतो, तो पीईटीजी सोसतं. आधी १.६ मिमी घेतली होती, तेव्हा मनगट लाकडासारखं झालं. जाडी दुप्पट केली की ताठरपणा आठपट होतो, आणि हे हाताने दाबून बघितल्यावर जितकं पटतं तितकं सूत्र वाचून पटत नाही. छापताना तुकडा आडवा झोपवा, म्हणजे थर पट्टीच्या लांबीच्या दिशेने जातील. उभा छापलेला माझा तुकडा चाळीस थापांत थरांच्या रेषेवर फाटला.

नऊ भागांचा एक भाग झाला तेव्हा मला इस्रोचं पीएस-४ इंजिन आठवलं. पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं ते इंजिन थ्रीडी प्रिंटिंगने नव्याने आखलं, तेव्हा १४ भागांचा एक झाला आणि १९ वेल्डिंगचे सांधे गेले. ९ मे २०२४ ला ते ६६५ सेकंद पेटवून तपासलं. तिथे धातूची भुकटी लेझरने वितळवतात, माझ्याकडे प्लास्टिकची तार आहे. पण सांधाच नसेल तर सांधा निकामी होत नाही, हे दोन्हीकडे सारखं.

थाप कशी पडते

मोटर ३६० केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला ३६० फेरे), म्हणजे दर ॲम्पियरला सुमारे ०.०२६ न्यूटन-मीटर. सहा ॲम्पियर आणि ६ ला १ गिअर धरून टोकाला जवळपास एक न्यूटन-मीटर मिळतो. मागे एएस५६०० हा कोन मोजणारा चुंबकीय एन्कोडर आहे, एका फेरीत ४,०९६ पायऱ्या मोजणारा. प्रोग्रॅम अगदी लहान आहे : ४५ मिलिसेकंद जोर लाव, मग करंट शून्य. पुढचं काम कातड्याचं. हात उसळून वर आला की एक हलकी स्प्रिंग त्याला वरच झेलते.

ती स्प्रिंग नंतर आली. आधी वर थांबलेला हात मोटरच धरून ठेवायची. न फिरता करंट घेणारी मोटर तापते, आणि बैठक ज्याची होती ते पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. २ ऑगस्टला अर्ध्या तासात मोटरची बैठक वाकली आणि हात घुमटाऐवजी मडक्यावर पडला. मडकं वाचलं. आता हाताचं वजन स्प्रिंग तोलते, बैठक पीईटीजीची आहे आणि तिच्यामागे ॲल्युमिनियमची पट्टी. मोटर हाताला कोमटही लागत नाही.

फोनवर आवाज रेकॉर्ड करून लहरी बघितल्या. वायपर मोटरच्या थापेचा नाद साधारण ३० मिलिसेकंदांत मरत होता. आता तो १२० च्या पुढे जातो. तात्यांना आकडे सांगितले नाहीत. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि डाव्या तळव्याने मागचं तोंड स्वतःच झाकू-उघडू लागले. दहा मिनिटं माणूस आणि यंत्र मिळून एकच घुमट वाजवत होते. आई देवघरातून उठून बघायला आली.

टिकाऊपणाचा हिशेब : सेकंदाला तीन थापा, वीस मिनिटांची आरती, दिवसातून दोनदा, पाच दिवस. एकूण ३६,००० थापा. रविवारी सलग ४०,००० चालवल्या, पावणेचार तास. मनगट शाबूत. ग्रहाच्या एका पिनेचं भोक किंचित मोठं झालंय, तिथे पितळी बुश घालणार.

राहिलेलं

डावा हात. त्याला झटका नको, हळुवार झाक-उघड हवी, आणि मडक्याच्या काठावर तळवा नीट बसायला हवा. टीपीयू या रबरासारख्या प्लास्टिकचा मऊ तळवा छापतोय.

दुसरं, कातडं. पावसाची सर आली की ते सैल पडतं आणि उसळी कमी होते, म्हणजे सकाळी बसवलेले ४५ मिलिसेकंद संध्याकाळी चुकतात. तात्या चुलीजवळ धरून तापवतात. मला एन्कोडरवरून प्रत्येक थापेची उसळी मोजून पुढच्या थापेचा जोर ठरवायचा आहे. पहिला प्रयत्न केला तेव्हा हात प्रत्येक थापेला जोर वाढवत गेला आणि मला वीज बंद करावी लागली. कोणी असा थापेगणिक सुधारणारा कंट्रोल लिहिला असेल तर किती थापांची सरासरी धरता ते कळवा. मी आज रात्री आठ धरून बघतोय.