चिमणीची ज्योत आणि मिनिटांची वही

सोमवार, रात्री

"सुरक्षेसाठीच जळतंय, काळजी करू नका." पेट्रोकेमिकल कारखान्याशेजारी राहणाऱ्यांना हे वाक्य एव्हाना पाठ झालेलं असतं. वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं लिहून ठेवायला हा आठवडा.

पुण्यात प्रोसेस डिझाइनच्या कचेऱ्यांत बसून फ्लेअरची, म्हणजे कारखान्यातला जादा गॅस उंचावर जाळणाऱ्या चिमणीची, गणितं करणारे आम्ही बरेच जण आहोत. त्या फ्लेअरच्या उजेडात झोपणारी माणसं घाटाखाली असतात, नागोठण्याला, रसायनी-पाताळगंगेला, पुढे चेंबूर-माहुलला. आमच्या कागदावर ज्योतीची लांबी असते, उष्णता असते, आवाजही असतो. खिडकीची तावदानं थरथरतात तेव्हा घरातल्यांनी नेमकं काय पाहायचं, हे मात्र त्या कागदावर नसतं.

आधी खरा असलेला अर्धा भाग. प्लांटमध्ये शेकडो सेफ्टी व्हॉल्व्ह असतात. दाब ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की व्हॉल्व्ह उघडतो आणि गॅस हेडरमध्ये, म्हणजे फ्लेअरकडे जाणाऱ्या मोठ्या पाइपात जातो. हाच गॅस न जाळता सोडला तर? प्रोपेन हवेच्या दीडपट जड. तो जमिनीलगत पसरतो, नाल्यात-खड्ड्यात साचतो आणि कुठेतरी ठिणगी गाठतो. म्हणून तो उंचावर नेऊन जाळायचा. इथवर कारखान्याचं म्हणणं बरोबर आहे.

न सांगितला जाणारा भाग असा, की गॅस हेडरमध्ये आलाच का? आणि महिन्यात कितव्यांदा आला?

गॅसचा रस्ता एकदा समजून घ्यावा, कारण प्रत्येक टप्प्यावरचा बिघाड बाहेरून वेगळा दिसतो. हेडरमधून गॅस नॉक-आउट ड्रममध्ये येतो. तिथे साधारण ३०० ते ६०० मायक्रॉनपेक्षा मोठे द्रवाचे थेंब खाली बसायला हवेत. ड्रम भरलेला राहिला, त्याचा पंप वेळेवर चालला नाही, तर द्रव वर जातो आणि चिमणीच्या टोकावरून जळते थेंब पडतात. असं दिसलं तर फोटोच्या नादी न लागता वाऱ्याला आडव्या दिशेनं लांब जायचं आणि मग फोन करायचा.

पुढे सील ड्रम. त्यात पाणी असतं. टोकाकडची आग किंवा हवा उलटी आत शिरू नये म्हणून गॅसनं पाण्यातून बुडबुडत जायचं. गॅस कमी असला आणि आतली रचना बिघडलेली असली की पाणी हिंदकळतं, गॅस हप्त्याहप्त्यानं सुटतो. बाहेर ज्योत दम लागल्यासारखी वरखाली होते आणि धप्प, धप्प असा आवाज ठरावीक अंतरानं येतो. मिनिटाला किती ठोके, ते मोजून लिहावं. आतल्या इंजिनिअरला हा आकडा "खूप आवाज येतो" ह्या वाक्यापेक्षा फार उपयोगी पडतो.

शेवटी टोक आणि त्याच्या कडेचे पायलट. हे छोटे बर्नर चोवीस तास जळत राहायला हवेत. ज्योत नाही म्हणजे सगळं छान, असा समज मी अनेकांकडून ऐकला आहे. तो धोक्याचा आहे. भर उन्हात स्वच्छ ज्योत जवळजवळ दिसतच नाही, टोकावरची हवा तेवढी थरथरताना दिसते. तशी थरथर नाही, रात्री उजेडही नाही आणि वास मात्र येतोय, तर पायलट विझलेले असू शकतात आणि गॅस न जळता बाहेर पडत असू शकतो. तक्रार करायची सगळ्यांत तातडीची वेळ हीच.

मंगळवार

आज धूर.

मिथेन जळताना सहसा काजळी धरत नाही. इथिलीन, प्रोपिलीन, बेंझीन धरतात, कारण त्यांच्यात हायड्रोजनच्या मानानं कार्बन जास्त असतो आणि ज्योतीच्या पोटात त्याला हवा पुरत नाही. म्हणून टोकाशी वाफ सोडतात. वाफेचे झोत बाहेरची हवा ओढून ज्योतीत ढकलतात. इथिलीन-प्रोपिलीनसारख्या गॅसला किलोमागे अर्ध्या किलोच्या आसपास वाफ लागते.

आता गणित. बहुतेक फ्लेअर कमाल क्षमतेच्या १० ते २० टक्क्यांपर्यंतच धूर न करता जाळतील अशा बांधलेल्या असतात. समजा, संकटकाळात तासाला ५०० टन गॅस येऊ शकतो. मग धूरविरहित हद्द ५० ते १०० टन. ५० टनांनाच २५ टन वाफ लागली. त्यापुढे काळा धूर येणार, हे डिझाइनच्या दिवशीच ठरलेलं असतं. मोठ्या ट्रिपमधला, म्हणजे प्लांट अचानक बंद पडतो तेव्हाचा, अर्ध्या तासाचा काळा धूर म्हणून समजू शकतो. पण लहानशी ज्योत आणि तिच्यावर तासन् तास काळी शेपूट, ह्याचा अर्थ वेगळा आहे. वाफेचा व्हॉल्व्ह अडकलाय, नोझल गंजलेत किंवा बॉयलरकडे वाफच शिल्लक नाही.

उलट चूकही होते. वरून पांढराशुभ्र ढग, कर्कश फुत्कार आणि ज्योत जेमतेम, म्हणजे वाफ जास्त झाली. धूर दिसत नाही म्हणून सगळे खूश, पण ज्योत थंड पडून गॅस अर्धवट जळतो. चांगली चालणारी फ्लेअर ९८ टक्के जाळते असं धरतात. अति वाफेखाली हा आकडा घसरतो आणि डोळ्यांना काही कळत नाही. काळ्या धुरावर बोट ठेवणं सोपं असतं, पांढऱ्याकडे लक्ष ठेवावं लागतं.

धुरासाठी एक मोजमाप जवळ ठेवण्यासारखं आहे. अमेरिकेच्या नियमात सलग दोन तासांत पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ धूर दिसता कामा नये. आपल्याकडे तो लागू नाही, पण घड्याळ लावून पाहायला रेघ म्हणून चांगला.

बुधवार, पहाटे

वेताळ टेकडीवरून थंडीच्या दिवसांत शहर पाहिलं की धुरक्याची सपाट चादर दिसते, वरच्या काठाशी कापल्यासारखी सरळ. जमीन रात्री निवते, तिच्या लगतची हवा थंड होते आणि वरची तुलनेनं उबदार हवा झाकणासारखी बसते. धूर त्या झाकणाला छेदत नाही.

फ्लेअरजवळ राहणाऱ्यांना ह्यातून एक गोष्ट घ्यायची आहे. उंच चिमणीचा धूर रात्री झाकणाच्या वर तरंगत राहू शकतो, गावात वासही येत नाही. सकाळी ऊन चढतं, खालची हवा घुसळायला लागते आणि रात्रभर वर साठलेलं सगळं एकदम खाली येतं. म्हणून डोळे चुरचुरण्याच्या तक्रारी आठ-नऊच्या सुमाराला येतात, शाळेच्या वेळेला. तक्रार घेणारा विचारतो, "आत्ता तर ज्योत लहान आहे, मग वास कुठला?" वास रात्रीच्या ज्योतीचा आहे. वहीत रात्रीची नोंद असेल तरच हे दाखवता येतं.

गुरुवार

सकाळपासून लाइट नाही. पुण्यातला गुरुवार, महावितरणची देखभाल. घरात चार तास वीज नसली तर पंखा थांबतो. प्लांटला सेकंदाचा काही भाग पुरतो.

व्होल्टेज क्षणभर निम्म्यावर आलं की मोटारींना वीज जोडणारे स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर सुटतात. कॉम्प्रेसरच्या वंगणतेलाचा पंप थांबतो, तेलाचा दाब पडतो, इंटरलॉक, म्हणजे आपोआप चालणारी सुरक्षा व्यवस्था, कॉम्प्रेसर बंद करतो. इथिलीन क्रॅकरमध्ये, म्हणजे भट्टीत कच्चा माल तोडून इथिलीन बनवणाऱ्या प्लांटमध्ये, तो कॉम्प्रेसर म्हणजे सगळ्या प्लांटचा श्वास. भट्ट्या तर गॅस बनवतच असतात. तो जाणार कुठे? फ्लेअरला. गावातून दिसतं ते एवढंच, की दिवे मिचमिचले आणि लगेच आकाश केशरी झालं.

पहिल्यांदा झालं तर ती ट्रिप. वर्षात चौथ्यांदा त्याच कारणानं झालं तर ते दुरुस्त न केलेलं काम आहे. उपाय माहीत असलेले आहेत. वाफेवर चालणारा राखीव पंप आपोआप सुरू होणं, मोटारी पुन्हा क्रमानं सुरू करणारी व्यवस्था, कंट्रोलला बॅटरीचा आधार. विचारायचा प्रश्न "का पेटली?" इथे थांबू नये. "मागच्या वेळी हेच कारण होतं, तेव्हा काय बदललं?" हा खरा प्रश्न.

स्टार्टअपची गोष्ट निराळी. शटडाऊननंतर क्रॅकर सुरू करताना थंड विभाग उणे १०० अंशांच्याही खाली न्यावा लागतो, ॲसिटिलीन दशलक्षात काही भागांवर आणावं लागतं. माल ऑफ-स्पेक, म्हणजे ठरलेल्या दर्जाबाहेर असेपर्यंत बराचसा गॅस फ्लेअरला जातो, कधी काही दिवस. पण ही तारीख प्लांटला बरीच आधी ठाऊक असते. ग्रामपंचायतीला आणि शाळेला चार ओळी लिहून कळवण्यात कसलीही अडचण नाही. घरात दम्याचा माणूस असलेल्यांना त्या चार दिवसांत दुसरीकडे जाता येतं. न कळवण्याला मला तरी कुठलंही तांत्रिक कारण सुचत नाही.

तिसरा प्रकार सगळ्यांत दुर्लक्षित. काहीच झालेलं नाही आणि तरी ज्योत रोज तेवढीच, पिवळी, मनगटाएवढी दिसणारी. प्लांटच्या भाषेत "व्हॉल्व्ह पासिंग आहे", म्हणजे पूर्ण बंद न होता गळतोय. सेट प्रेशरच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायच्या दाबाच्या, फार जवळ प्लांट चालवला की सेफ्टी व्हॉल्व्ह किंचित कुरकुरत राहतो, त्याची सीट झिजते आणि मग तो नीट बसतच नाही. समजा तासाला १०० किलो गळतंय. दिवसाला २.४ टन, वर्षाला ८७६ टन. घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरात मोजलं तर दिवसाला सुमारे १६९ सिलिंडर. शोधणं अवघड नाही, व्हॉल्व्हच्या पुढच्या पाइपाचं तापमान पाहतात किंवा अल्ट्रासोनिक यंत्रानं सळसळ ऐकतात. काढून, सीट घासून, टेस्ट करून परत बसवायला वेळ काढावा लागतो, एवढंच.

शुक्रवार

आवाजाचं पान मोठं व्हायला हवं, कारण इथेच लोकांवर सर्वांत जास्त अन्याय होतो.

फ्लेअरचे आवाज दोन. वाफेचा फुत्कार उंच पट्टीतला, तो अंतरानं आणि भिंतींनी बराच मरतो. ज्वलनाचा घुमारा खालच्या पट्टीतला, तो भिंती ओलांडतो, सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या आणि भांड्यांची मांडणी हलवतो. ध्वनी नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ ह्या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ती "ए" मापातली. हे माप कानाच्या नेहमीच्या संवेदनेप्रमाणे खालच्या पट्टीतला आवाज कमी धरतं. ३१.५ हर्ट्झला ते जवळजवळ ३९ डेसिबल वजा करतं. म्हणजे त्या पट्टीत ७५ डेसिबलचा घुमारा कागदावर ३६ होतो. मोजणारा सांगतो, मर्यादेत आहे. मोजणारा खोटं बोलत नाही आणि खिडकीही खोटं बोलत नाही.

म्हणून मोजणीच्या वेळी "सी" मापही घ्यायला सांगावं. बहुतेक मीटरवर ते बटण असतं. "सी" आणि "ए" मधला फरक १५-२० डेसिबलच्या वर गेला तर त्रास खालच्या पट्टीचा आहे हे लेखी येतं. मोबाइलच्या ॲपवर विसंबू नये, फोनचा माइक ह्या पट्टीत भरवशाचा नसतो. मीटर जमिनीपासून सव्वा-दीड मीटरवर, भिंतीपासून तीनेक मीटर लांब, निदान पंधरा मिनिटांची सरासरी. फ्लेअर शांत असताना त्याच जागी दुसरं माप. एकट्या आकड्याला किंमत नाही, जोडीला आहे.

शनिवार

वहीत काय असावं? पेटल्याचं मिनिट, विझल्याचं मिनिट, धुराचा रंग, ज्योत कुठल्या दिशेला झुकली, आवाज कुठला, वास आला का आणि किती वाजता. फोटो नेहमी एकाच जागेवरून, चौकटीत विजेचा खांब किंवा पाण्याची टाकी येईल असा, म्हणजे उंची ताडून बघता येते. रात्री फोन आपोआप उजेड वाढवतो आणि ज्योत फुगते. ज्योतीवर बोट दाबून एक्सपोजर लॉक करायचं, नाहीतर फोटो पहिल्याच बैठकीत बाद होतो.

नासाचा आगी दाखवणारा फर्म्स नकाशा कुणालाही मोफत पाहता येतो. व्हीआयआयआरएस हे उपकरण बसवलेले उपग्रह रात्री दीडच्या सुमाराला वरून जातात आणि ३७५ मीटरच्या चौकटीत तापलेली जागा टिपतात. पुण्यात बसूनही कोकणातला ठिपका दिसतो. तो त्या क्षणापुरता असतो आणि पावसाळ्यात ढगांआड जातो, म्हणून हा वहीचा पर्याय नाही, साक्षीदार आहे.

मग कागद. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे माहिती अधिकारात १० रुपये भरून अर्ज. "प्रदूषणाची सर्व माहिती द्या" असं लिहिलं की उत्तर पोकळ येतं. कारखाना चालवायला मंडळानं दिलेल्या संमतीपत्रातल्या फ्लेअरविषयीच्या अटी, अमुक तारखांना फ्लेअरला गेलेल्या गॅसच्या नोंदी, ट्रिपची कळवलेली कारणं, असं तारखा देऊन मागावं. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात ४१-ब कलम घालून, धोक्याची माहिती आसपासच्या लोकांना देणं कारखानदारावर बंधनकारक केलं गेलं. १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांनी जिल्हा आणि स्थानिक आपत्ती गट आणले. गावानं त्या गटाच्या बैठकीचं इतिवृत्त मागून वाचावं.

हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ इथे पुण्यातच आहे. न्यायाधिकरणाच्या कायद्यातला, पर्यावरणाच्या वादाचा कलम १४ खालचा अर्ज कारण घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो, भरपाईचा कलम १५ खालचा पाच वर्षांत. पहिलं मिनिट टिपलेली वही तिथे लागते.

रविवार

घरातल्या थोड्या गोष्टी. खिडकीच्या पट्टीतला रबर आणि ब्रश दर दोन वर्षांनी बदलावा. थरथर कमी होते, घुमारा जात नाही. जाड पडदा उजेडासाठी चांगला, आवाजाला निरुपयोगी. एन-९५ मास्क काजळी अडवतो, बेंझीनची वाफ नाही. ओला रुमाल अमोनियाला थोडा उपयोगी, हायड्रोकार्बनला नाही, कारण ते पाण्यात विरघळत नाहीत. गच्चीवरच्या टाकीचं झाकण घट्ट हवं. काजळीच्या दिवशी गच्चीवर वाळवण घालू नये.

आणि पांढरी चिनी मातीची बशी. गच्चीवर चोवीस तास, पावसापासून आडोशाला. बोट फिरवल्यावर करडी भुकटी उडाली तर बहुतेक रस्त्याची धूळ. काळा, तेलकट, पसरणारा डाग पडला आणि नुसत्या पाण्यानं गेला नाही, तर काजळी. बशी धुण्याआधी तिचा फोटो काढायचा आणि वहीत त्याच तारखेच्या पानावर चिकटवायचा.