नदीच्या वाटेने बांधलेला स्लाइड शो

छायाचित्र काढणे आणि छायाचित्रांचा स्लाइड शो बांधणे या दोन वेगळ्या कला आहेत, असे माझे आता ठाम मत झाले आहे. पहिली कला रानात आणि तळ्याकाठी साधते, तर दुसरी घरी टेबलापाशी बसून, आणि बरेचदा चांगली चित्रे बाजूला काढून साधावी लागते. कोल्हापुरात सकाळी रंकाळ्यावर, कळंब्याला किंवा शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात गळ्यात कॅमेरा अडकवून फिरणारी माणसे काही कमी नाहीत आणि त्यांच्यापाशी उत्तम चित्रांचा साठाही असतो. पण ती चित्रे मोबाइलच्या ग्रुपवर एकेकटी जातात, चार जणांची दाद मिळवतात आणि दुपारपर्यंत दिसेनाशी होतात. तीच चित्रे एखाद्या अंधाऱ्या खोलीत, भिंतीएवढी मोठी करून, एकामागून एक ठरलेल्या क्रमाने दाखवली, तर पाहणारे शांत बसतात, प्रश्न विचारतात आणि एखादे चित्र पुन्हा मागे घेऊन दाखवायला सांगतात. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

या छंदाला जुनी परंपरा आहे. कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म १९३५ साली बाजारात आली आणि २००९ साली तिचे उत्पादन थांबले. गोल ट्रेचा कॅरोसेल प्रोजेक्टर १९६१ साली आला आणि २००४ मध्ये कोडॅकने स्लाइड प्रोजेक्टर बनवणेच बंद केले. नेहमीच्या ट्रेमध्ये ८० स्लाइड, म्हणजे छोट्या चौकटीत बसवलेली फिल्मवरची चित्रे, मावत आणि फिल्मच्या एका रोलमध्ये ३६ चित्रे निघत. स्लाइडच्या फिल्मला उजेडाची चूक फारशी खपत नसे, त्यामुळे प्रत्येक चित्र विचार करूनच घ्यावे लागे, आणि ट्रे भरताना कोणते चित्र ठेवायचे व कोणते गाळायचे हा निर्णय टाळता येत नसे. आज मेमरी कार्डात हजारो चित्रे मावतात. तो धाक गेला असला, तरी निवडीची गरज काही संपलेली नाही. उलट ती वाढलीच आहे.

निवडीचे खरे सूत्र चित्राच्या देखणेपणात नसते. ते विषयात असते. मी बांधलेल्या शोंपैकी मला सर्वांत समाधान देणारा शो भोगावती नदीचा आहे, कारण त्याचा क्रम मला ठरवावाच लागला नाही; तो पाण्याने ठरवून दिला. सुरुवात दाजीपूरच्या दाट रानातून होते. हे एके काळचे राजर्षी शाहू महाराजांचे शिकारीचे रान. १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाले, आणि आज राधानगरी अभयारण्य या नावाने ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांमध्ये आहे. तिथून लक्ष्मी तलाव, राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे, मग उसाच्या मळ्यांमधून जाणारी भोगावती आणि नांगरामागे चालणारे गायबगळे, पुढे प्रयाग चिखलीचा संगम आणि त्यानंतर पंचगंगा. शहरातला पंचगंगा घाट येतो, राजाराम बंधारा येतो आणि शेवटी नृसिंहवाडीला कृष्णेचे विस्तीर्ण पात्र येते.

या क्रमामुळे माझे अतिशय आवडते एक चित्र गाळावे लागले. आंबा घाटाच्या बाजूला टिपलेला तो मलबारी कवड्या धनेश होता. उजेड, पिसांचा काळा-पांढरा रंग, चोचीवरचे शिंगासारखे टोपण, सगळे त्यात मनासारखे उतरले होते. पण आंबा घाटाचे पाणी भोगावतीला मिळत नाही. एका चांगल्या चित्रासाठी नदीची वाट वाकडी करणे मला पटले नाही, आणि तो धनेश नसल्याची चुकचुक आजवर एकाही प्रेक्षकाला लागलेली नाही. त्याच्या जागी राजाराम बंधाऱ्याचे एक अगदी साधे, ढगाळ दिवसाचे चित्र आहे. कोल्हापूरच्या माणसाला तिथल्या ३९ फुटांच्या इशारा पातळीचा आणि ४३ फुटांच्या धोका पातळीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ते चित्र आले की खोलीत कुजबूज सुरू होते आणि २०१९ च्या महापुराच्या आठवणी निघतात. म्हणून तिथे मी चित्र आपोआप पुढे सरकू देत नाही, बोलणे थांबेपर्यंत हाताने धरून ठेवते.

एरवी एका चित्राला सहा ते आठ सेकंद पुरतात. चार सेकंदांत नजर चित्रभर फिरून होत नाही आणि दहा सेकंदांनंतर माणसे पडद्याऐवजी एकमेकांकडे पाहू लागतात. बारा मिनिटांचा शो धरला, तर सात सेकंदांच्या हिशेबाने सुमारे शंभर चित्रे होतात आणि तेवढी एका बैठकीला भरपूर झाली. मात्र सगळ्या चित्रांना सारखाच वेळ देऊ नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. विस्तीर्ण देखाव्यात पाहण्यासारखे बरेच असते, म्हणून त्याला जास्त वेळ लागतो; पाण्यावरच्या एकट्या टिबुकलीला पाच सेकंद दिले तरी ती पूर्ण पाहून होते. एक चित्र विरघळत दुसरे उमटते त्या संक्रमणालाही दीड-दोन सेकंद द्यावेत. पूर्वी हे साधण्यासाठी दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी लावून एकाचा दिवा मंद आणि दुसऱ्याचा तेज करावा लागे. आता संगणकावरची कोणतीही साधी प्रणाली ते करते. चित्रे गरगर फिरवणारी, पानासारखी उलटणारी किंवा तुकडे होऊन उडणारी संक्रमणे मी कधीच वापरत नाही, कारण मग लोक पक्षी सोडून ती करामतच पाहत बसतात.

लागून येणाऱ्या दोन चित्रांचे एकमेकांशी पटते की नाही, हे पाहण्यात माझा सर्वांत जास्त वेळ जातो. रानातल्या गडद सावलीच्या चित्रानंतर एकदम पांढऱ्या धुक्याचे चित्र आले, तर अंधारात बसलेल्यांचे डोळे दिपतात. मध्ये एखादे मध्यम उजेडाचे चित्र घातले की हा त्रास टळतो. उजवीकडे पाहणाऱ्या खंड्यामागून डावीकडे पाहणारा वेडा राघू आला, तर दोघे एकमेकांशी बोलत असल्यासारखे वाटतात, आणि दोघांची तोंडे एकाच दिशेला असली, तर प्रवास पुढे चालल्याचा भास होतो. नदीच्या शोमध्ये मला हा दुसरा परिणाम हवा होता, म्हणून त्यातले बहुतेक पक्षी उजवीकडे पाहणारे निवडले आहेत. चित्र आरशासारखे उलटे करून हे साधता येते, पण निसर्गचित्रणात तसे करू नये. नदीचा काठ जसा आहे तसाच दिसला पाहिजे. तिथे रोज जाणाऱ्या माणसाला उलटा काठ लगेच खटकतो.

आकाराचा प्रश्न मात्र दोन वाक्यांत संपतो. बहुतेक मोठ्या कॅमेऱ्यांचे चित्र ३:२ प्रमाणात असते आणि आजचे पडदे १६:९ असतात, म्हणजे पडदा पूर्ण भरायचा तर उंचीतला जवळपास सहावा भाग कापावा लागतो. ज्या चित्रात झाडाचा शेंडा किंवा पक्ष्याचे पाय कापले जाणार असतील, ते चित्र मी न कापता दोन्ही बाजूंना काळे पट्टे सोडून दाखवते.

पन्हाळ्याच्या पश्चिमेचे मसाई पठार हा माझ्या पुढच्या शोचा विषय आहे आणि त्याची रचना नदीच्या बरोबर उलट असणार आहे. तिथे वाट लांबची नाही. तिथे खाली वाकत जायचे आहे. पाऊस ओसरू लागला की जांभ्या दगडाच्या त्या सपाट पठारावर पाणी पातळ थराने साचून राहते, आणि जिथे मूठभरही माती नाही अशा ठिकाणी फुलांचे गालिचे पसरतात. पहिल्या चित्रात पूर्ण पठार आणि आभाळ असेल, मग सोनकीचा पिवळा पट्टा, मग गुडघ्याच्या उंचीवरून दिसणारा तेरडा, मग ओल्या दगडालगतची सीतेची आसवे आणि सर्वांत शेवटी दवबिंदू. ही वनस्पती पाहायला माणसाला अक्षरशः पालथे पडावे लागते. तिच्या इवल्याशा पानांवर तांबूस केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट द्रवाचा एकेक थेंब उन्हात चमकत असतो. दव समजून चिलट त्यावर बसते, त्याचे पाय अडकतात, आणि मग आजूबाजूचे केस हळूहळू त्याच्याकडे वळतात. जांभ्यावरच्या मातीत नत्र फार कमी असते, ती उणीव ही वनस्पती किड्यांच्या शरीरातून भरून काढते. पठाराच्या पहिल्या चित्रातच ही वनस्पती असते, मात्र ती कोणाला दिसत नाही. म्हणूनच दवबिंदूनंतर पहिलेच चित्र पुन्हा एकदा दाखवायचे, असे मी ठरवले आहे.

आवाजाबद्दल माझे मत बरेच कडक आहे. चित्रपटातले गाणे मागे लावले की लोक गाणे ऐकतात. शिवाय ते गाणे आपले नसते, त्यावर दुसऱ्याचा हक्क असतो. त्यापेक्षा त्या त्या जागेचा आवाज नोंदवून आणावा. पावसाळ्याच्या पहाटे घाटात शीळकरी कस्तूर माणसाने सहज गुणगुणावी तशी शीळ घालतो, आणि ती शीळ ओढ्याच्या आवाजासह साध्या मोबाइलवरसुद्धा चांगली उतरते. उरलेल्या भागात मी स्वतः उभी राहून बोलते, कारण ध्वनिमुद्रित निवेदन प्रश्न विचारणाऱ्यासाठी थांबत नाही.

शो दाखवण्यासाठी मला राधानगरी तालुक्यातल्या शाळा शहरातल्या सभागृहांपेक्षा जास्त आवडतात. तिथे खिडक्यांना पडदे नसतात, उजेड पुरता अडवता येत नाही, म्हणून दाजीपूरच्या सावलीतली चित्रे भिंतीवर उमटतच नाहीत आणि शाळेसाठी उजळ चित्रांची वेगळी जुळणी करावी लागते. तेवढे कष्ट घेण्यासारखेच असतात. शेकरू पडद्यावर आले की त्याचे नाव मी सांगण्याआधी अख्खा वर्ग ओरडतो. एका शाळेत मुलांबरोबर काही आजोबाही येऊन बसले होते. एकट्या गव्याचे चित्र आल्यावर त्यांतले एक जण म्हणाले, “बाई, असा एकटा दिसला की लांबनंच वळायचं. कळप असला तर त्यो आपल्या वाटंनं जातोय, एकट्याचा नेम नसतो.” त्या चित्राबरोबर मी तोवर गव्याच्या वजनाची आणि उंचीची माहिती देत असे. आता मी आजोबांचे हेच वाक्य सांगते, कारण शाळेला रानातल्या वाटेने येणाऱ्या मुलांना त्याचा उपयोग आहे.

चित्रे पुढे देताना मी दोन गोष्टी कटाक्षाने पाळते. घरट्याचे चित्र मी शोमध्ये घेत नाही आणि कोणाला पाठवतही नाही. अंड्यांवर किंवा पिलांवर असलेल्या पक्ष्याला माणसांची गर्दी सोसत नाही आणि सुंदर चित्राने गर्दी हमखास वाढते. दुसरी गोष्ट जागेच्या नोंदीची. मोबाइलने काढलेल्या चित्राच्या फाइलमध्ये जीपीएसने घेतलेले अक्षांश-रेखांश साठवलेले असू शकतात. चित्राचा दर्जा घसरू नये म्हणून आपण व्हॉट्सअॅपवर मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवतो, तेव्हा ही नोंदही तिच्याबरोबर जाते. दुर्मीळ फुलाची किंवा शृंगी घुबडाच्या दिवसाच्या विश्रांतीच्या फांदीची नेमकी जागा अशा रीतीने गावभर होऊ शकते. म्हणून शो पूर्ण झाला की मी प्रत्येक फाइलमधली जागेची नोंद पुसते आणि निवेदनातही “पठारावर” किंवा “अभयारण्यात” एवढेच सांगते.

शाळेतून निघताना तो शो मी पेन ड्राइव्हने तिथल्या संगणकावर ठेवते आणि सोबत चित्रांच्या क्रमाने मराठी नावांचा एक छापील कागद देते. कोणत्या महिन्यात काय दिसते, हेही त्यावर लिहिलेले असते. सर्वांत खाली थोडी जागा मी मुद्दाम कोरी सोडते. माझ्या शोमध्ये नसलेले पण गावाच्या रानात दिसणारे पक्षी आणि झाडे मुलांनी तिथे लिहून काढायची असतात, आणि पुढच्या खेपेला कॅमेरा कुठे न्यायचा हे मला त्या यादीवरून कळते.