उगाळलेले गंध

आत्याच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे निदान झाले, तेव्हा तो यकृतापर्यंत पसरलेला होता. शस्त्रक्रियेनंतर तिच्या पोटाला मल गोळा करणारी पिशवी लागली. ती कशी बदलायची, भोवतालची त्वचा कशी जपायची, हे परिचारिकेने आम्हाला नीट शिकवले. पण घरी आल्यापासून आत्याने देवघरात पाऊल टाकलेले नाही, हे मात्र कुणाच्याच लक्षात आले नाही. अशक्तपणा असेल, असे आम्ही गृहीत धरले.

मॉर्फिनच्या गोळ्यांनी दुखणे बरेचसे आटोक्यात आले होते, तरी ती रात्र रात्र जागी असे. भेटायला येणारे आपापल्या परीने धीर देत. कुणी पोथी आणून देई, कुणी प्रारब्धाचे भोग भोगूनच संपवावे लागतात असे सांगे. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण प्रारब्ध हा शब्द कानावर पडताच आत्या भिंतीकडे तोंड करून घेई. आजारी माणसाला त्याच्या आजाराचे कारण त्याच्याच कर्मात दाखवणे क्रूर आहे, असे मला तेव्हापासून ठामपणे वाटते.

घरी येणाऱ्या उपशामक सेवेच्या, म्हणजे गंभीर आजारातला त्रास हलका करणाऱ्या सेवेच्या पथकात एक समुपदेशक ताई होत्या. त्यांनी उपदेश केला नाही. "आजी, आजारपणाच्या आधी तुमचा दिवस कसा सुरू व्हायचा?" एवढेच विचारले आणि त्या थांबल्या. बऱ्याच वेळाने आत्या म्हणाली, "आंघोळ करून देवाचं गंध उगाळायचे मी. आता पोटाला ही घाण चिकटलीय. अशा अंगाने देवाला शिवू कशी?"

ताईंनी "तसं काही नसतं हो" म्हणून तिचे बोलणे झटकून टाकले नाही. सहाण कुणाची, खोड किती झिजले, पाणी किती घालायचे, असे त्या विचारत गेल्या आणि आत्या बोलत गेली. निघताना त्या म्हणाल्या, "गंध उगाळून सूनबाईंच्या हाती दिलं, तर तुमच्या मनाला चालेल का?"

ब्रिटिश डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारे केंद्र सुरू केले. शरीर, मन, नातीगोती आणि अध्यात्म या चारही अंगांनी माणसाला एकाच वेळी होणाऱ्या यातनेला त्या संपूर्ण वेदना म्हणत. आत्याच्या वेदनेचे एक अंग गोळीने शमले होते, दुसरे देवघराच्या उंबऱ्यावर अडून राहिले होते. अर्थात क्रम महत्त्वाचाच आहे. दुखण्याने तळमळणाऱ्या माणसाला आधी औषध मिळाले पाहिजे. रुग्णाचे आध्यात्मिक स्वास्थ्य जोखणारी फॅसिट-एसपी ही १२ विधानांची प्रश्नावली मी पुढे वाचली. त्यांतली ८ विधाने मनःशांती आणि जगण्यातला अर्थ यांविषयी आहेत, श्रद्धेविषयी केवळ ४. म्हणजे देव न मानणाऱ्या रुग्णालाही हे आध्यात्मिक समुपदेशन तितकेच लागू पडते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने पलंगावर पाट ठेवून त्यावर सहाण मांडली. आत्या उशीला टेकून बसली आणि थांबत थांबत उगाळत राहिली. खोलीतल्या औषधांच्या वासात चंदनाचा वास मिसळला. कर्करोग वाढतच होता, पण रात्री ती दोन-तीन तास सलग झोपू लागली आणि सकाळी स्वतःहून वहिनीला हाक मारू लागली. शेवटच्या आठवड्यात हाताला जोर उरला नाही, तेव्हा ती खोडावर नुसता तळवा ठेवी आणि वहिनी तिच्या हातासकट ते सहाणेवर फिरवी.