बॉनेटवरचा आठ आण्याएवढा गोल

आमच्या चंदेरी वॅगन-आरच्या बॉनेटवर, ड्रायव्हरच्या बाजूला, आठ आण्याच्या नाण्याएवढा एक मंद गोल आहे. बाकी बॉनेट उन्हात चमकतं, तेवढाच भाग चमकत नाही. बघणाऱ्याला वाटतं, काहीतरी डाग राहिलाय. डाग केव्हाच गेला. मी घासलं, ते राहिलंय.

तीन वर्षांपूर्वी, मे संपता संपता. रत्नागिरीत आमच्या अंगणात गाडी उभी राहते ती आंब्याखाली, आणि कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचं जांभळीचं झाड. रात्री वटवाघळं जांभळं खाणार आणि आमच्या गाडीवर शिटणार, हे ठरलेलं. त्या सकाळी मला कॉलेजात लवकर पोचायचं होतं. बॉनेटवर जांभळट-काळं, बिया चिकटलेलं, सुकून कडक झालेलं एक प्रकरण. पाणी मारलं, गेलं नाही. मोरीतून काथ्या आणला, भांड्यांची पावडर घेतली आणि दोन मिनिटं जोर लावला. सासूबाई पडवीत तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "तुझ्या त्या नॉनस्टिक तव्याला मला काथ्या लावू देत नाहीस, आणि गाडीला लावतेस?"

मी हसले. संध्याकाळी ऊन तिरकं झाल्यावर बॉनेट बघितलं आणि हसू गेलं.

सासूबाईंनी सहज जे म्हटलं, ते अगदी नेमकं होतं. गाडीच्या रंगावर लॅकरचा एक पारदर्शक थर असतो. साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाहूनही पातळ. चमक सगळी त्याचीच. त्याच्यावर भांड्यांची पावडर घासणं म्हणजे चष्म्याची काच चुलीतल्या राखेने पुसणं. त्या बियांनी आधी ओरखडे काढले असणार, उरलेलं काम मी केलं.

तेव्हापासून हातात फडकं घ्यायच्या आधी मी एकच गोष्ट बघते: हे आलंय कुठून? झाडावरून, रस्त्यावरून, नळातून की रुळांवरून? कारण एकाला जे लागतं ते दुसऱ्याला चालत नाही.

शिटेला पाणीच लागतं, फक्त वेळ द्यावा लागतो. जुना टॉवेल कोमट पाण्यात बुडवून त्या जागी पसरायचा, दहा-पंधरा मिनिटं विसरून जायचं आणि मग टॉवेलनेच अलगद उचलून घ्यायचं. पुसायचं नाही, उचलायचं. खरी घाई करायची ती मात्र त्याच दिवशी साफ करण्याची. शिटेत आम्ल असतं आणि मे महिन्यातलं बॉनेट हात ठेववत नाही इतकं तापतं. तापलं की लॅकर मऊ होतं, आम्ल त्यात शिरतं. दोन-तीन दिवस राहिलं तर खाली एक कडा उमटते. ती कशानेही धुतली जात नाही, कारण तो डाग नसतो, खड्डा असतो.

आंब्याचं प्रकरण जास्त फसवं. जानेवारी-फेब्रुवारीत मोहर आला की आमच्या गाडीवर बारीक चिकट ठिपके पडायला लागतात. टपावर हात फिरवला की गुळाच्या काकवीला हात लागल्यासारखं. आठवडाभर तसंच ठेवलं तर त्यावर काळसर पूड धरते. कित्येक वर्षं मी याला चीक समजत होते आणि चिकाची औषधं लावत होते. शेजारचे आंबा बागायतदार काका एकदा कुंपणावरून म्हणाले, "वहिनी, तो चीक नाही. तुडतुडे मुततायत." मोहरावरचे तुडतुडे रस पितात आणि मधासारखं गोड पाणी खाली सोडतात, त्यावर काळी बुरशी येते. पानांवर हीच काजळी धरली की बागायतदार खार पडली म्हणतात आणि फवारणीच्या मागे लागतात. माझ्यासाठी यातली कामाची गोष्ट एवढीच की ते साखरेचं पाणी आहे. कोमट पाणी, चमचाभर कार शाम्पू, संपलं. मी उगाच स्पिरिट आणि रॉकेल लावत बसले होते.

खरा चीक एप्रिल-मेमध्ये येतो आणि त्याच्याशी गंमत नाही. ज्याच्या गालावर कधी चीक उडालाय त्याला सांगायला नको, कातडी काळी पडते. फळावर सांडला तर फळाची सालही जळते, म्हणून तर देठासकट आंबा उतरवायचा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला, म्हणजे आंबे उतरवायचं लांब काठीचं साधन, आमच्याकडे आहे, त्याने देठ राहतो. पण वाऱ्याने पडलेला आंबा देठ ठेवून कुठे पडतो! टपावर आपटला की चिकाची पिचकारी. दोन दिवसांत तो पिवळट काचेसारखा होतो. इथे पाणी हरतं. करोनाच्या वेळचं सॅनिटायझर घरात उरलं होतं, ते कामाला आलं. कापसाचा बोळा भिजवून डागावर अर्धा-एक मिनिट नुसता टेकवायचा, चीक मऊ पडला की पुसून घ्यायचा आणि लगेच पाण्याने धुवायचं. आधी दाराच्या आतल्या कडेला लावून बघावं, रंग फडक्यावर उतरत नाही ना. बरणीतलं सॅनिटायझर गाडीवर ओतणाऱ्या माझ्या भाच्यासारखं करू नये.

डांबराचा उपाय मला माहेरी लहानपणीच कळला होता, फक्त गाडीशी जोडायला चाळीस वर्षं गेली. पावसाळ्यात समुद्र डांबराचे गोळे किनाऱ्यावर टाकतो. वाळूत चालून आलं की तळव्यांना काळे चट्टे. साबणाने ढिम्म हलत नाहीत. आई खोबरेल चोळायची, दोन मिनिटांत उतरायचे. महामार्गाचं काम चालू असताना हातखंब्यापासून संगमेश्वरपर्यंत जाऊन आलं की चाकामागच्या पत्र्यावर तेच काळे ठिपके. तिथे खोबरेल लावते, पाच-दहा मिनिटं थांबते, मऊ फडक्याने टिपते, पुन्हा लावते. टार रिमूव्हर जास्त झटपट काम करतो, हे कबूल. पण खोबरेल घरात आहे आणि हाताला वासही बरा येतो. नंतर शाम्पूने तेल काढायचं, नाहीतर तिथेच लाल धूळ बसते.

लाल धुळीबद्दल एकच सांगते. कोरडं फडकं मारू नका. आमच्या आळीत रोज सकाळी गाड्यांवर फडफड फडकी मारणारे दोन गृहस्थ आहेत. त्यांच्या गाड्यांवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतात. आधी भरपूर पाणी, मग हात.

सगळ्यात चक्रावून टाकलं ते दिरांच्या पांढऱ्या गाडीने. ते मुंबईला गेले तेव्हा गाडी सहा दिवस रेल्वे स्टेशनला, रुळांच्या अगदी जवळ उभी होती. धुतल्यावर मागच्या दारावर मोहरीहून बारीक नारिंगी ठिपके दिसले. दिरांना वाटलं आतून पत्रा गंजला, गाडी विकायच्या गोष्टी सुरू झाल्या. पत्रा गंजला नव्हता. रेल्वेच्या चाकांचा आणि ब्रेकचा लोखंडी कीस उडतो, रंगात रुततो आणि मग तो कीसच गंजतो. डोळ्यांना दिसायच्या आधी हाताला कळतो. धुतलेल्या गाडीवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून बोटं फिरवा, खसखशीवरून फिरवल्यासारखं लागतं.

याला आयर्न रिमूव्हर मिळतो. सावलीत, थंड पत्र्यावर, हातमोजे घालून फवारायचा. दोन-तीन मिनिटांत प्रत्येक ठिपक्यातून जांभळा ओघळ येतो. दिसायला छान, वास सडक्या अंड्याचा. सासूबाई खिडकी लावून घेत म्हणाल्या, "कुठे उंदीर मेला का?" वाळायच्या आत धुऊन टाकायचं. उरलेल्या खरखरीला क्ले बार. ती एक प्रकारची कृत्रिम पुट्टी, कणकेसारखी मळायची, पुरीच्या गोळ्याएवढा तुकडा घ्यायचा आणि शाम्पूच्या पाण्याने पत्रा निसरडा करून सरळ रेषेत फिरवायचा. जोर नाही, गोळ्याच्या वजनानेच. मळका झाला की घडी घालून आतली बाजू वर. हातातून अंगणात पडला तर हळहळत का होईना फेकून द्यायचा, कारण त्याला चिकटलेला एक खडा पुऱ्या दारावर रेघ मारेल. माझा पहिला तुकडा तिसऱ्या मिनिटाला पडला. शेवटी मेणाचा एक हात द्यायचा. जुनं मेण या सगळ्यात निघून गेलेलं असतं.

बोअरच्या पाण्याचे पांढरे गोल राहिले. पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी, मिनिटभर, मग धुवायचं. चुना आम्लाला विरघळतो, चिंचेने तांब्या उजळतो त्यातलाच प्रकार. चिंच मात्र लावू नका, तिच्यात तंतू असतात. हल्ली मी गाडी उन्हात धुतच नाही, त्यामुळे गोल पडतच नाहीत.

तर तो आठ आण्याचा गोल. एका सर्व्हिस सेंटरवाल्याने मशीन लावून "नवीन करून देतो" म्हटलं, दिली. चार धुण्यांनंतर गोल परत उगवला. नुसतं तेलकट काहीतरी भरून झाकलं होतं. नीट पॉलिश केलं तर जाईल, पण तेही लॅकर घासूनच जाणार, आणि तिथे आता किती उरलंय ते मला दिसत नाही. राहू दे.

गाडीवर आलेली आंब्याची फांदी तोडायचा विषय मी एकदा काढला होता. सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा काढला नाही. काल त्या फांदीवर मोहर फुटलाय. गाडी कुंपणाकडे चार हात सरकवली, तर आता ती जांभळीखाली आलीये.