आमची वाटचाल: गुंड्यापासून पेळूपर्यंत

विणकामाच्या धाग्यांचे दुकान सुरू केले तेव्हा फळीवर एकच माल होता, अ‍ॅक्रिलिक या कृत्रिम धाग्याचे गुंडे. कोल्हापुरात त्यालाच ‘लोकर’ म्हणतात. सुयांवर चढते ती लोकर, असा साधा हिशेब. या एका शब्दामुळे सुरुवातीच्या बहुतेक तक्रारी आल्या. स्वेटरवर गरम इस्त्री फिरवली की अ‍ॅक्रिलिक वितळून लुळे पडते आणि पुन्हा कधीच फुलत नाही. खऱ्या लोकरीचा स्वेटर मशीनमध्ये गरम पाण्यात टाकला की आटून जाड नमदा, म्हणजे तंतू अडकून घट्ट झालेला थर, होतो. म्हणजे एकाची काळजी दुसऱ्याला घेतली की दोन्ही गेले. म्हणून गिऱ्हाईक जुना, लेबल नसलेला गुंडा घेऊन आले की आजही आधी बोटभर धागा चिमट्यात धरून जाळून दाखवतो. खरी लोकर केस जळाल्यासारखी वासते आणि राख बोटात चुरडते. अ‍ॅक्रिलिक वितळते, त्याचा काळा टणक मणी होतो. सुती धागा कागदासारखा जळतो.

इथे थंडी ती कितीशी? डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटा सोडल्या तर स्वेटर कपाटातच. त्यामुळे मोठ्यांच्या स्वेटरवर दुकान चालणार नाही हे पहिल्याच हंगामात कळले. चालले ते बाळंतविड्यावर. टोपरे, मोजे, अंगडे असा नवजात बाळाचा संच १०० ते १५० ग्रॅममध्ये होतो. मोठ्या माणसाची टोपी ६० ते ८० ग्रॅम, मफलर १५० ते २०० ग्रॅम, मध्यम मापाचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर ५०० ते ६०० ग्रॅम. हे आकडे काउंटरमागे मोठ्या अक्षरांत लावले, कारण ‘आत्ता दोन गुंडे द्या, लागले तर नेईन’ यातूनच पुढचा घोळ होतो. लेबलवर रंगाच्या शेजारी लॉट नंबर, म्हणजे रंगवण्याच्या खेपेचा नंबर, असतो. नंबर बदलला की तोच गुलाबी उन्हात वेगळा दिसतो, आणि पाठीवर बरोबर मधोमध पट्टा उमटतो. सगळे गुंडे एकदम घ्यावेत. उरलेला अख्खा गुंडा आम्ही परत घेतो. लॉट जुळतच नसेल तर जोडाच्या जागी आठ-दहा ओळी जुना आणि नवा धागा आलटून पालटून विणावा, फरक विरघळतो.

सुयांच्या नंबराने मात्र आम्हाला सर्वांत जास्त छळले. आपल्याकडे जुना ब्रिटिश नंबर चालतो. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: ७ म्हणजे ४.५ मिमी, ८ म्हणजे ४, ९ म्हणजे ३.७५, १० म्हणजे ३.२५, ११ म्हणजे ३ आणि १२ म्हणजे २.७५ मिमी. अमेरिकन नंबर उलटा चढतो. तिकडची ८ नंबरची सुई ५ मिमीची. मोबाइलवर व्हिडिओ पाहून कुणी ‘८ नंबर द्या’ म्हणाले आणि आपण ४ मिमी दिली की अंगडे बाहुलीचे होते. मग शिव्या विणकामाला पडतात. आम्ही नंबरांच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या आणि प्रत्येक जोडीवर फक्त मिलीमीटर लिहिले. मापाच्या छिद्रांची पत्र्याची पट्टीही काउंटरवर बांधून ठेवली आहे, जुन्या घरच्या सुया आणून कुणीही तपासावे.

सुई बरोबर असली तरी हाताचा ताण प्रत्येकाचा निराळा. त्यासाठी नमुना विणायचा. १५ सेंटिमीटर चौरस विणून, धुऊन, वाळवून, मधल्या १० सेंटिमीटरमधले टाके मोजायचे. नमुन्यात २० टाके अपेक्षित असताना तुमचे २२ येत असतील, तर २०० टाक्यांचा घेर १०० ऐवजी ९१ सेंटिमीटर भरतो. छातीला नऊ सेंटिमीटर कमी म्हणजे स्वेटर धाकट्या भावाला. टाके जास्त येत असतील तर सुई जाड घ्यावी. हात मुद्दाम सैल सोडू नये, तो चार ओळींनी परत घट्ट होतोच. कडेचे टाके मोजणीत धरायचे नाहीत, ते कधीच खरे बोलत नाहीत.

वर्षाचे आठ महिने विकेल असा माल हवा होता, म्हणून सुताकडे वळलो. इचलकरंजी हाकेच्या अंतरावर असताना सुती धागा बाहेरून आणणे बरे दिसत नव्हते. पण मागाचे सूत विणकामाला थेट चालत नाही, फार बारीक असते. इंग्रजी पद्धतीत एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी, तितका सुताचा नंबर. दुपदरी वीस नंबर म्हणजे प्रत्यक्षात दहा नंबरची जाडी. असे पाच धागे एकत्र केले की दोन नंबर होतो, म्हणजे ५० ग्रॅमला सुमारे १७० मीटर. ३ ते ३.२५ मिमी सुईला हा धागा नेमका बसतो. सुरुवातीला आम्ही सुताच्या पाच शंकूंवरचे (कोनांवरचे) धागे नुसते शेजारी-शेजारी गुंडाळून विकले. ती चूक होती. पीळ नसल्याने सुईचे टोक दोन धाग्यांच्या मधून जाते, एक धागा मागे राहतो आणि चार ओळींनंतर लोंबताना दिसतो. आता डबलिंगवाल्याकडून, म्हणजे धागे जोडून पिळणाऱ्याकडून, पीळ घालूनच घेतो. पीळ मूळ दुपदराच्या उलट दिशेने हवा. तसे नसेल तर विणलेला तुकडा तिरका वळतो, कितीही ताणून वाळवा. आणखी एक, सुताला लोकरीसारखी लवचीकता नाही. गळपट्टी आणि मनगटाची बरगडी (एक सुलट, एक उलट) सुतात सैल पडते. तिथे सुई अर्धा मिलीमीटर बारीक घ्यायची आणि दहा टक्के टाके कमी घालायचे.

मग आली दख्खनी लोकर. खरे तर ती आधीपासून इथेच होती, आम्हीच बघत नव्हतो. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकर उधळतात तो हा जिल्हा. धनगरांच्या मेंढ्या वर्षातून दोनदा कातरल्या जातात, सणगर त्या लोकरीची घोंगडी विणतात आणि ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात. घोंगड्याची मागणी घटली तशी या लोकरीतून कातरणावळही सुटेना. काळी, करडी, तपकिरी, क्वचित मळकट पांढरी. रंगवायची गरज नाही, गडद लोकरीवर हलका रंग चढतही नाही.

हिची मऊ शाल होईल या आशेवर आम्ही बरेच दिवस घालवले. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, म्हणजे जावळ, त्यातल्या त्यात मऊ. ती मेरिनो या मऊ लोकरीच्या मेंढीच्या लोकरीत मिसळून पाहिली, आधी निम्मी, मग तिसरा हिस्सा. हाताला बरी लागे, मानेला टोचे. कारण पुढे समजले. अंगाला टोचतात ते ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) जाड तंतू. त्यांचे प्रमाण शंभरात पाचाच्या आसपास गेले की कातडीला जाणवते. दख्खनीत असे तंतू भरपूर. वर सूत कातताना बारीक, लांब तंतू आत ओढले जातात आणि जाड, आखूड तंतू बाहेर येतात. म्हणजे मिसळलेल्या सुतात जे लपवायचे तेच वर दिसते. प्रमाण बदलून काही होणार नव्हते. शालींचा नाद सोडला आणि हीच लोकर आसने, पायपुसणी, पिशव्या, खुर्चीच्या गाद्या यांसाठी ठेवली. तिथे तिचा राठपणा गुण ठरतो. झिजत नाही, आकार सोडत नाही.

धुण्याची आमची रीत अशी. कोरडी लोकर उन्हात झटकून कुसळे, गोखरू, लेंड्या हाताने निवडायच्या. ओल्या लोकरीतून काटा निघत नाही, आणखी आत जातो. थंड पाण्यात रात्रभर भिजवून ते पाणी ओतून द्यायचे, दोन-तीनदा. हे मातकट पाणी झाडांना घालावे, मेंढीच्या घामातले पोटॅशचे क्षार त्यात उतरलेले असतात. मग जाळीच्या पिशवीत किलोभर लोकर घालून २५ ते ३० लिटर, ४५ ते ५० अंशांच्या पाण्यात साबणाने वीस मिनिटे बुडवून ठेवायची. मेरिनोत मेण जास्त, तिला ६० अंशांचे पाणी लागते. दख्खनीला इतके नको. रिठ्यानेही निघते, पण पांढऱ्या लोकरीला पिवळट झाक येते. चोळायचे नाही, ढवळायचे नाही, नळाची धार वर सोडायची नाही. पुढचे विसळण्याचे पाणी त्याच तापमानाचे. तंतूवर खवले असतात. उष्णता, साबण आणि घासणे एकत्र आले की ते एकमेकांत अडकतात, आणि एकदा नमदा झाला की तो कुणाच्या बापाला सुटत नाही.

छंद म्हणून कातणाऱ्यांसाठी पिशवी तयार केली तेव्हा पहिल्या पिशवीत आम्ही चकचकीत मेरिनो टॉप (विंचरून तयार केलेला लोकरीचा पट्टा) दिला होता. महाग, मऊ, दिसायला देखणा. नवख्याच्या हातून तोच सगळ्यात जास्त निसटतो. तंतू सरळ विंचरलेले आणि गुळगुळीत असल्याने पीळ बसायच्या आत धागा सुटतो, टकळी जमिनीवर. पिंजलेली, थोडी खरबरीत लोकर एकमेकांना धरून राहते. म्हणून आता पहिल्या पिशवीत १०० ग्रॅम धुऊन पिंजलेली दख्खनी आणि ३५ ते ४० ग्रॅमची लाकडी टकळी. शाळेतली पितळी टकळी सुतासाठी ठीक, या लोकरीला फार हलकी. दोन फिरक्या घेऊन उलटी फिरू लागते आणि घातलेला पीळ सोडवते. टकळी विकत घ्यायची नसेल तर पेन्सिलीहून किंचित जाड, फूटभर लांब दांडी, तिला वर हुक, आणि दोन जुन्या सीडी रबरी वायसरने घट्ट बसवा. एक सीडी साधारण १५ ग्रॅमची. काम तेच होते, आणि आमची विक्री त्याने घटलेली नाही.

पेळू म्हणजे कातायला तयार केलेली पिंजलेल्या लोकरीची वळी. ती करताना कार्डरवर, म्हणजे पिंजायच्या दातेरी फळीवर, एका वेळी चार-पाच ग्रॅमच लोकर. जास्त भरली की खालचा थर विंचरलाच जात नाही. चार-पाच हात फिरवले की पुरे. त्यापुढे तंतू तुटून गाठी होतात, त्या सुतात मोहरीसारख्या दिसतात. आधी कातलेल्या दोऱ्याचा तुकडा दांडीला बांधून पेळूचे टोक त्यावर चार बोटे ठेवायचे आणि टकळी घड्याळाच्या दिशेने फिरवायची. दोन हातांतले अंतर तंतूच्या लांबीपेक्षा थोडे कमी असेल तर ओढताना जोर लागतो, दोन्ही हात एकाच तंतूची दोन टोके खेचत असतात. अंतर किंचित वाढवले की पेळू आपोआप सरकतो. खालच्या चिमटीने पीळ अडवायचा, वरच्या हाताने लोकर ओढायची, मग चिमटी वर सरकवायची. पीळ वर पेळूत शिरला की जाड गाठ होते. ती ओढून निघत नाही. दोन्ही बाजूंनी पीळ उलटा सोडला की निघते.

पीळ पुरेसा आहे का हे बघायला हातभर धागा मधोमध दुमडून सोडून द्यावा. तो स्वतःभोवती नीट वळला तर ठीक, नुसता लोंबला तर पीळ कमी, गुंतून वेटोळी झाली तर जास्त. दोन एकपदरी धागे उलट दिशेने एकत्र वळायचे. लडी करून चार जागी सैल बांधायची, कोमट पाण्यात वीस मिनिटे ठेवून, टॉवेलात दाबून, दोन-तीनदा हवेत झटकून टांगायची. खाली वजन बांधण्याची सवय काहींना असते. त्याने सूत सरळ दिसते, पण विणलेली वस्तू पहिल्या धुण्यात आक्रसते.

पावसाळ्यात कच्ची लोकर आम्ही घेत नाही. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात लडी चार दिवस वाळत नाही. लोकर वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा पोटात घेऊनही हाताला कोरडी लागते, त्यामुळे तोलातही फसायला होते. तशीच डब्यात बंद केली तर डबा उघडला की बुरशीचा वास. कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, हे दुसरे दुखणे. कडुलिंबाची पाने ठेवावीत, त्याने ती यायला कचरते, पण लोकरीत शिरलेली अळी मरत नाही. पिशवी घट्ट बांधून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर तीन दिवस, मग एक दिवस बाहेर, पुन्हा तीन दिवस. दुसऱ्या फेरीत उरलीसुरली अंडी जातात. बाहेरून आलेला माल यातून गेल्याशिवाय फळीवर चढत नाही.

हाताने कातलेले तयार सूत का ठेवत नाही, असे बरेच जण विचारतात. १०० ग्रॅम दुपदरी सुताला पिंजायला दीड तास, टकळीवर कातायला सहा, वळायला दोन. तासाला ८० रुपये धरले तरी मजुरीच ७६० होते, लोकर आणि धुणे वेगळे. एका आसनाला असे ४०० ग्रॅम लागते. इतका दर ऐकून गिऱ्हाईक आधी सुताकडे बघते, मग आमच्याकडे. स्वतः कातणाऱ्याला हा हिशेब लागू नाही, त्याचे तास मोजायचे नसतात. म्हणून दुकानात पेळू मिळतात, सूत ऑर्डरप्रमाणे. ऑर्डरीला सहा आठवडे धरावेत. मे महिना संपला की दिवाळीपर्यंत नवी ऑर्डर घेत नाही.